खळ्यातून दिसणारं आभाळ

दिवाळी उरकली, तुळशीचं लग्न झालं आणि पाऊस खरंच गेला याची खात्री पटली की कोकणात आभाळ परत आपलं होतं. जूनपासून नुसते ढगच ढग, त्यातून एखादी चांदणी दिसली तरी नशीब, आणि मग नोव्हेंबरात एका रात्री सहज खळ्यात, म्हणजे अंगणात, यावं तर वरती सगळं लख्ख! या वेळी आलेली बहुतेक पत्रं त्या लख्ख आभाळाबद्दलच आहेत म्हणून हे पूर्ण सदर त्यालाच दिलंय. वेळा लिहिल्यात त्या याच हिवाळ्याच्या, म्हणजे डिसेंबर २०२५ ते फेब्रुवारी २०२६ च्या, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या हिशेबाने. अलिबागकडे थोडी मिनिटं इकडेतिकडे होतील, बाकी तेच.

"ताई, रात्री दहाच्या सुमारास मागचं सगळं आवरून खळ्यात येते तेव्हा पूर्वेला डोंगराच्या वर दोन मोठे दिवे दिसतात. डावीकडचा शांत असतो, उजवीकडचा सारखा लाल-हिरवा-निळा होत राहतो. मुलगा म्हणतो तो ड्रोन आहे, सासूबाई म्हणतात तिकडे बघूच नको. नक्की काय आहे?" (गृहिणी, पावस)

सासूबाईंनाही खळ्यात बोलवा, दोन्ही बघण्यासारखे आहेत. शांत आहे तो गुरू, आणि रंग बदलतोय तो व्याध, रात्रीच्या आभाळातला सगळ्यात तेजस्वी तारा. ड्रोन नाही. तारा आपल्यापासून एवढा लांब असतो की कितीही मोठा असला तरी आपल्याला नुसता एक ठिपका दिसतो, आणि त्या ठिपक्याचा प्रकाश हवेच्या गरम-गार थरांतून येताना सारखा इकडेतिकडे वाकतो, त्यालाच आपण लुकलुकणं म्हणतो. त्यात तो डोंगराच्या जरा वर असला की प्रकाशाला हवेचा खूप जाड थर ओलांडायला लागतो म्हणून रंगसुद्धा सुटे होतात, क्षणात लाल, क्षणात हिरवा. तोच व्याध दोन-तीन तासांनी वर चढल्यावर बघा, निळसर पांढरा झालेला असेल. गुरू त्यामानाने जवळ, त्याची आपल्याला बारीकशी थाळी दिसते (डोळ्यांना ती थाळी कळत नाही पण असते), तिच्या एका कडेचा प्रकाश हलला तरी बाकीची थाळी ते भरून काढते, म्हणून ग्रह सहसा लुकलुकत नाहीत. एवढी एक खूण लक्षात ठेवलीत तरी अर्धं काम झालं.

व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे आज जो प्रकाश तुमच्या डोळ्यात शिरतोय तो २०१७ साली तिथून निघालाय. मुलगा आठ-नऊ वर्षांचा असेल तर त्याला सांगा, तुझ्याएवढाच आहे हा उजेड. गुरूचं म्हणाल तर १० जानेवारीला त्याची प्रतियुती आहे, म्हणजे सूर्य, मधे आपण आणि पलीकडे गुरू असे एका रेषेत, त्यामुळे सूर्य बुडायला आणि गुरू उगवायला एकच गाठ आणि मग रात्रभर तो आभाळात. तेव्हा तो सुमारे ६३ कोटी किलोमीटरवर असेल आणि गुरूसाठी हे जवळच झालं. ३ जानेवारीच्या पौर्णिमेला तो चंद्राच्या शेजारीच असेल, तेव्हा तर चुकायचं कारणच नाही. शनी संध्याकाळीच दक्षिण-पश्चिमेला दिसतो, पण त्याची कडी या हिवाळ्यात आपल्याकडे जवळजवळ धारेने वळलेली आहे, अगदी बारीक रेघ. शुक्र आणि मंगळ जानेवारीत सूर्याच्या पलीकडे असणार, ते शोधत बसू नका.

"मृग नक्षत्र लागतं ७-८ जूनला, आम्ही त्यावर पेरणी करतो. मग तुम्ही लोक मृग हिवाळ्यात बघा म्हणून का सांगता? दोन मृग आहेत काय?" (शेतकरी, लांजा)

हा प्रश्न आला म्हणून मला फार बरं वाटलं, कारण याचं उत्तर नीट कळलं की वर्षभराचं आभाळच कळतं. मृग एकच आहे. "मृग लागला" म्हणजे सूर्य मृग नक्षत्राच्या भागात आला. मग सूर्यच तिथे बसलाय म्हटल्यावर मृगाचे तारे त्याच्याबरोबर उगवणार, त्याच्याबरोबर मावळणार, दिवसाच्या उजेडात दिसणार कसे? पृथ्वी सूर्याभोवती फिरत सहा महिन्यांनी बरोबर पलीकडच्या बाजूला जाते आणि मग तोच मृग सूर्याच्या समोर येतो, संध्याकाळी उगवतो, मध्यरात्री डोक्यावर, पहाटे समुद्रात. म्हणजे ज्याच्या नावाने तुम्ही जूनमध्ये बी पेरता त्याला भेटायला डिसेंबरात खळ्यात यायचं.

आता तो बघायचा कसा. डिसेंबरच्या मध्यावर रात्री नऊला पूर्वेकडे तोंड करून उभे राहा, जमीन आणि माथा यांच्या मधे कुठेतरी एका रेषेत सारख्या अंतरावरचे तीन तारे दिसतील, जवळजवळ उभ्या रांगेत. तोच बाण, जुन्या ग्रंथांत त्याला त्रिकांड म्हटलंय. त्याच्या चार बाजूंना चार तारे, ते हरणाचे पाय. त्या चारांत एक तांबूस, ती काक्षी (काहीजण हिलाच आर्द्रा म्हणतात), आणि तिच्या बरोबर समोरच्या टोकाला निळसर पांढरा राजन्य. दोघांच्या रंगातला फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. काक्षी म्हातारी होऊन फुगलेला तारा आहे, सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वीच काय मंगळसुद्धा त्याच्या पोटात जाईल एवढा. २०१९ च्या शेवटी-शेवटी तो नेहमीपेक्षा बराच मंद झाला होता, तेव्हा आता फुटतो की काय अशी चर्चा जगभर झाली, नंतर कळलं की त्याने स्वतःच बाहेर टाकलेली धूळ आड आली होती. फुटणार आहे हे नक्की, पण तो उद्या फुटेल किंवा एक लाख वर्षांनी.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल, प्रजापती हरणाचं रूप घेऊन रोहिणीच्या मागे लागला आणि व्याधाने त्याला बाण मारला. ही गोष्ट म्हणजे आपल्या लोकांनी करून ठेवलेला नकाशाच आहे. बाणाची रेघ डोळ्यांनी खाली वाढवा, व्याध. तीच रेघ उलट वरच्या बाजूला वाढवा, तांबूस रोहिणी. आणखी पुढे गेलात तर कृत्तिकांचा झुपका. एका रेघेत चौघं. एकदा का हे जमलं की मोबाईलमधलं अ‍ॅप उघडायची गरजच पडत नाही, आणि मला विचाराल तर सुरुवातीला उघडूच नका, कारण त्या स्क्रीनच्या उजेडाने डोळे परत आंधळे होतात आणि अंधाराला सरावायला त्यांना पुन्हा वीस-तीस मिनिटं लागतात.

एक आणखी सांगावंसं वाटतं. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १८९३ साली वेदांचा काळ ठरवायला जे पुस्तक लिहिलं ते याच नक्षत्रावर, वसंतसंपात (मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाची सूर्याची जागा) कधीकाळी मृगशीर्षात होता या मुद्द्यावर. आणि दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित, त्यांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषाचा सगळा इतिहास मराठीत मांडला. टिळकांचा काढलेला काळ सगळ्यांना मान्य आहे असं नाही, पण आपल्या एका जिल्ह्यातली दोन माणसं एकाच वेळी या ताऱ्यांवर एवढा विचार करत होती हे शाळेत मुलांना का सांगत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

"आमचो आजो तांडेल होतो. तो म्हणायचो, अगस्ती वर इलो काय पाणी निवाळता. आता आमच्या बोटीर जीपीएस आसा, अगस्ती खंयचो ता कोणाक सांगूक येणा नाय. दक्षिणेक खाली एक मोठो तारो दिसता तोच काय?" (मच्छीमार, मालवण तालुका)

तोच! आणि तुमच्या आजोबांनी सांगितलं ते फार जुनं आहे. पावसाळ्यात अगस्त्य सूर्याच्या उजेडात हरवतो आणि भाद्रपदाच्या आसपास पहाटे दक्षिणेला परत दिसायला लागतो, तेव्हा पाऊस ओसरत आलेला असतो, नद्यांचा गढूळपणा खाली बसायला लागतो. तारा पाणी निवळवत नाही, पण दोन्ही एकाच वेळी होतं आणि लोकांनी ते बरोबर टिपून ठेवलं. समुद्र पिऊन टाकणारा ऋषी म्हणून त्याला दक्षिणेला समुद्राच्या टोकाशी बसवलाय, यापेक्षा चांगली जागा त्याला कुठली मिळणार.

व्याधाच्या खालोखाल तेजस्वी तारा म्हणजे अगस्त्य, आभाळात दुसरा नंबर. शोधायला सोपा आहे, व्याध चांगला वर आला की तिथून सरळ खाली दक्षिणेकडे नजर आणायची, दुसरं मोठं काही वाटेत येतच नाही. हात लांब करून मूठ धरली तर एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश होतात, अगस्त्य आपल्याकडे जास्तीत जास्त दोन मुठी वर येतो. मालवणला थोडा जास्त, अलिबागला थोडा कमी. दिल्लीला तो एक मूठसुद्धा वर येत नाही आणि युरोपातल्या बऱ्याचशा लोकांना आपल्या घरातून जन्मभर दिसत नाही. म्हणून मी म्हणते, उत्तरेकडे छापलेले नकाशे बघून आपलं आभाळ शिकू नका, आपल्याला खाली दक्षिणेला जे दिसतं ते त्यांच्या नकाशात नसतंच. जानेवारीच्या मध्यावर रात्री सव्वाअकराच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला असतो, जानेवारी संपताना सव्वादहाला, फेब्रुवारीच्या मध्यावर सव्वानऊला. रोज चार-चार मिनिटं अलीकडे येत जातो, सगळेच तारे तसे येतात.

त्याचं अंतर सुमारे ३१० प्रकाशवर्षं आहे. म्हणजे आज तुमच्या बोटीवर पडतो तो उजेड निघाला तेव्हा या किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांचं आरमार फिरत होतं. आणि जीपीएसचं म्हणालात म्हणून, १९६४ साली मंगळाकडे गेलेल्या मरिनर ४ यानाने आपली दिशा धरायला सूर्याबरोबर हाच अगस्त्य वापरला होता. तुमचे आजोबा आणि ते यान एकाच ताऱ्याकडे बघत होते.

बोटीवर असता म्हणून आणखी एक उपयोगाचं. मृगाच्या बाणातला सगळ्यात पुढचा तारा, म्हणजे जो आधी उगवतो आणि आधी बुडतो, तो जवळजवळ आकाशाच्या विषुववृत्तावरच, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आहे. त्यामुळे तो जिथे पाण्यात टेकतो ती बरोबर पश्चिम, बारा महिने. होकायंत्र बिघडलं तरी हे बिघडत नाही.

"मुलीला टेलिस्कोप घ्यायचाय, ऑनलाईन बरेच दिसतात, '६७५ पट मोठं दिसेल' वगैरे लिहिलेलं असतं. कुठला घेऊ?" (पालक, चिपळूण)

आत्ता कुठलाच नको. खोक्यावर छापलेल्या त्या पटींवर जाऊ नका, हलक्या तिकाटण्यावर लटपटणारा टेलिस्कोप मुलांचा उत्साह आठ दिवसांत मारतो, हे मी किती घरांत बघितलंय. त्या पैशात चांगला बायनॉक्युलर घ्या, ७×५० किंवा १०×५०. पहिला आकडा कितीपट दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, आणि आभाळासाठी दुसरा आकडा महत्त्वाचा, जेवढं भिंग मोठं तेवढा उजेड जास्त. हात हलतो म्हणून कोपरं पडवीच्या कठड्यावर नाहीतर गाडीच्या बॉनेटवर टेकवायची.

मग काय बघायचं तर आधी कृत्तिका. नुसत्या डोळ्यांना सहा दिसणाऱ्या कृत्तिका बायनॉक्युलरमध्ये चाळीस-पन्नास होतात, तो पहिला क्षण मुलीच्या चेहऱ्यावर बघाच. मग मृगाचा बाण, त्याच्या खाली दक्षिणेकडे तीन बारीक तारे लटकलेत, त्यातला मधला पुसटसा धुरकट दिसेल, तो तारा नाहीच, तो तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा उजळलेला ढग आहे, सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवर, तिथे आत्ता या घडीला नवे तारे जन्मतायत. मग गुरू, त्याच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत चार ठिपके, कधी तीन, एखादा आड गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी परत बघितलं की त्यांच्या जागा बदललेल्या असतात. गॅलिलिओने ते पहिल्यांदा बघितले ती रात्र ७ जानेवारी १६१०. तुम्हीही ७ जानेवारीलाच बघा, आणि मुलीला वहीत चार-पाच रात्रींचं चित्र काढायला लावा, गुरूचा एक गोल आणि ठिपके, बस्स.

अमावास्येच्या आसपास जमलं तर देवयानी. डिसेंबरात साडेसात-आठला उत्तरेला एम अक्षरासारखी शर्मिष्ठा दिसते, तिच्या वर, जवळजवळ माथ्याकडे, देवयानीतला तो लांबट पुसट डाग. तो डाग म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी आख्खी दीर्घिका, २५ लाख प्रकाशवर्षं लांब. नुसत्या डोळ्यांनी माणसाला सहज दिसू शकणारी ही जवळजवळ सगळ्यात लांबची गोष्ट आहे. वर्ष-दीड वर्षाने मुलगी स्वतःहून "आता टेलिस्कोप" म्हणाली की मला परत पत्र लिहा.

आणि कोकणात राहता म्हणून एक काळजी घ्याच, भिंगाला बुरशी लागते. माझा एक चांगला बायनॉक्युलर एका पावसाळ्यात कपाटात तसाच राहिला आणि आत जाळी धरली, परत पहिल्यासारखा झाला नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, पुड्या मधूनमधून बदला. आणि दिवसा सूर्याकडे त्यातून कधीही बघायचं नाही हे मुलीला दहा वेळा सांगा, डोळा कायमचा जातो.

"आम्ही डोंबिवलीचे, नाताळच्या सुट्टीत गावी येतोय, गुहागरकडे. पाच-सहाजण रात्री बीचवर बसून तारे बघायचा प्लॅन आहे. कुठली रात्र चांगली, काय आणायचं?" (चाकरमानी)

या, नक्की या. २० डिसेंबरला अमावास्या आहे, म्हणजे नाताळच्या आधीचे तीन-चार दिवस सगळ्यात काळोखे. २५ पर्यंतसुद्धा चंद्र कोरीएवढा आणि लवकर मावळणारा, चालेल. महिनाअखेर मात्र चंद्राचा उजेड वाढत जातो, थर्टीफर्स्टला ताऱ्यांची फारशी अपेक्षा ठेवू नका. पुढच्या काळोख्या रात्री म्हणजे १८ जानेवारी आणि १७ फेब्रुवारीच्या आसपासच्या.

पण किनाऱ्यावरची एक गोष्ट शहरातून येणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. काळोखी रात्र म्हणजे अमावास्या, आणि अमावास्या म्हणजे उधाणाची भरती. आपल्याकडचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, अमावास्येला पंधरा तिथी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे तारे सगळ्यात छान दिसतात त्या रात्री अकरा-बाराच्या दरम्यान समुद्र सगळ्यात वर आलेला असतो! वर बघत चटईवर आडवे झालेल्या माणसाला पाणी कधी आलं कळत नाही. खडकांवर बसू नका, सुक्या वाळूत, सुरूच्या झाडांजवळ, शेवटच्या लाटेच्या कचऱ्याच्या रेषेच्याही वर चटई टाका. गाडी वाळूत उतरवू नका.

टॉर्चला लाल जिलेटीन लावून आणा, लाल उजेडाने डोळ्यांचा सराव मोडत नाही. दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं आहे. याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात, वेळास-आंजर्ल्यालाच नाही, गुहागरकडेसुद्धा. झगझगीत टॉर्च दिसला तर मादी अंडी न घालता परत जाते, आणि पिल्लं तर उजेडाकडेच चालत सुटतात, त्यांना उजेड म्हणजे समुद्र वाटतो. कासव दिसलं तर लाल टॉर्चसुद्धा बंद करायचा आणि लांब, गप्प बसायचं. किनाऱ्यावर हायमास्ट दिवे लागायला लागलेत त्याचंही हेच दुखणं आहे, कासवांचंही आणि ताऱ्यांचंही. गावात दिवे नकोत असं कोणी म्हणत नाही, पण वरून टोपी असलेला, फक्त खाली उजेड पाडणारा दिवा लावला तर तेवढ्याच विजेत रस्ताही दिसतो आणि आभाळही राहतं. ग्रामसभेत हा विषय काढा, सुट्टीला आलेल्या माणसांनीसुद्धा काढावा.

नशीब असेल तर खालीही बघायला मिळेल, काही रात्री लाटा फुटताना निळ्या चमकतात. ते समुद्रातले सूक्ष्म जीव, हलवलं की उजळतात. वर चांदणं, खाली चांदणं.

"डिसेंबरमध्ये उल्का पडतात असं सरांनी सांगितलं, कधी बघू? आणि मला कृत्तिका सातच दिसतात, मैत्रिणीला सहा, कोण बरोबर?" (इयत्ता आठवी, दापोली)

दोघी बरोबर गं. काळोख किती आणि डोळे कसे यावर ते ठरतं, बहुतेकांना सहा दिसतात, चांगल्या आभाळात सात, काहींना जास्तही. त्या झुपक्यात हजाराच्या वर तारे आहेत. आणि कार्तिक महिन्याचं नाव यांच्यावरून पडलंय, त्या पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांजवळ असतो. तशीच मार्गशीर्षाला मृगशीर्षावरून, पौषाला पुष्यावरून नावं पडलीत, सगळी कालदर्शिका वरतीच लिहिलेली आहे.

उल्का बघायच्या तर १३ आणि १४ डिसेंबरची रात्र. मिथुन राशीतून आल्यासारख्या वाटतात म्हणून मिथुनेच्या उल्का म्हणायचं. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे असतात, हा मात्र फेथॉन नावाच्या एका लघुग्रहाचा, तो सापडला १९८३ साली. या वर्षी चंद्र उशिरा, मध्यरात्र उलटून गेल्यावर उगवतोय, त्यामुळे दहा ते एक ही वेळ चांगली. घरच्यांपैकी कोणाला तरी बरोबर घे, पाठीवर झोप, कुठल्या एका जागी टक लावू नको, सगळं आभाळ नजरेत ठेव. तासभर दे. पहिल्या दहा मिनिटांत काही दिसलं नाही म्हणून उठू नको, मोबाईल घरी ठेव. किती मोजल्यास ते मला कळव.

"ध्रुवतारा सगळ्यात तेजस्वी असतो ना? मला सापडतच नाही." (वाचक, अलिबाग)

नाही हो, म्हणूनच सापडत नसणार. तेजाच्या यादीत तो पहिल्या चाळिसातसुद्धा नाही. त्याचं मोठेपण एवढंच की तो जागेवरून जवळजवळ हलत नाही. आणि तो किती वर दिसतो तेवढा तुमच्या गावाचा अक्षांश, अलिबागला साडेअठरा अंश, म्हणजे उत्तरेला दोन मुठींपेक्षा थोडं खालीच बघायचं. माडांच्या आड जातो बऱ्याचदा. घराच्या उत्तरेला मोकळं नसेल तर खाडीवर जा.

"रात्री पंधरा-वीस दिवे एका माळेत सरळ चाललेले दिसले, आवाज नाही. गावात घबराट." (वाचक, मंडणगड)

स्टारलिंकचे, म्हणजे इंटरनेट पुरवणारे उपग्रह. २०१९ पासून सोडतायत, नवे सोडले की पहिले काही दिवस माळेसारखे दिसतात, मग पांगतात. घाबरायचं काही नाही.

"जत्रेचा दशावतार बघून पहाटे चालत येताना आभाळ पूर्ण वेगळं असतं. ओळखीचं काहीच नसतं. तेव्हा काय बघायचं?" (वाचक, कुडाळ)

तुमचा मला हेवा वाटतो, ती वेळ सगळ्यात चांगली. हवेतली धूळ खाली बसलेली, मतलई वारा (जमिनीकडून समुद्राकडे जाणारा) सुटलेला आणि रस्त्यावर कोणी नाही. जानेवारीच्या मध्यावर पहाटे चारला मृग पश्चिमेला खाली गेलेला असतो, उत्तरेला सप्तर्षी चांगले वर असतात, चार ताऱ्यांचं म्हातारीचं बाजलं आणि त्यामागे तीन चोर. त्या तीन चोरांतला मधला म्हणजे वसिष्ठ, त्याला चिकटून बारीक अरुंधती दिसते का बघा, लग्नात भटजी दाखवतात तीच.

पण थोडं थांबून साडेपाचपर्यंत जागे राहिलात तर दक्षिणेला बघा. क्षितिजापासून एक ते दीड मुठीवर चार तारे पतंगासारखे उभे, तो त्रिशंकू. विश्वामित्राने स्वर्गात पाठवला, देवांनी ढकलून दिला आणि मधेच लटकत राहिला. दिल्लीवाल्यांना तो क्षितिजाला चिकटलेला, धुरात हरवलेला असतो, आपल्याला अजून सहज दिसतो, फक्त दक्षिण मोकळी पाहिजे, डोंगर आड आला की संपलं. यासाठी खाडीचा उत्तरेकडचा काठ बघून ठेवावा, समोर दक्षिणेला नुसतं पाणी. त्रिशंकूच्या डावीकडे खाली दोन तेजस्वी तारे दिसतील, मित्र आणि मित्रक. त्यातला मित्र म्हणजे सूर्य सोडला तर आपला सगळ्यात जवळचा शेजारी, सव्वाचार-साडेचार प्रकाशवर्षं. फेब्रुवारीच्या मध्यावर हेच सगळं साडेतीनला, आणि जागरण नको असेल तर मे महिन्यात रात्री साडेनऊला, तेव्हा मात्र हवा एवढी स्वच्छ नसते.

"ताई, बाबांनी मला मृग आणि व्याध दाखवला. व्याधाने बाण मारला तर मृग मरत का नाही? रोज परत कसा येतो?" (इयत्ता तिसरी, वेंगुर्ला)

बाळा, हे तू स्वतः बघू शकतोस. संध्याकाळी आधी कोण उगवतं ते बघ. आधी रोहिणी, तिच्या मागून मृग, आणि मृग चांगला वर आल्यावर तासाभराने व्याध. मग एका रात्री, जानेवारीच्या मध्यावर, पहाटे बाबांना उठवायला सांग आणि त्यांच्याबरोबर समुद्रावर जा. चारच्या सुमारास रोहिणी पाण्यात जाते, साडेचारला मृग जातो, आणि व्याध तेव्हाही मागेच असतो, पार सव्वापाच वाजता बुडतो. रोज एवढंच अंतर. तुझ्या पणजोबांच्या पणजोबांनी बघितलं तेव्हाही एवढंच होतं.